बागेला भुरी नव्हती, मामांच्या डोळ्यात होती

गेल्या जानेवारीत मामेभावाचा फोन आला, म्हणाला दादा, बाबांना एकदा तुझ्याकडे आणतो, घरात रोज भांडणं चालू आहेत. मला वाटलं वाटणीचं काहीतरी असेल. तर भांडण भुरीवरून, म्हणजे द्राक्षाच्या पानावर पांढरट भुकटीसारखी बुरशी येते ना, तिच्यावरून. मामांची पिंपळगाव बसवंतच्या पुढे चार एकर थॉमसन द्राक्षाची बाग आहे आणि मामा पंधरा दिवसांपासून सांगत होते की पानांवर भुरी दिसतेय, गंधक मारा, आणि पोरगा पान अंगठ्याने पुसून दाखवायचा की बाबा काही नाहीये, पान स्वच्छ आहे, माल काढणीला आलाय, आता फवारलं तर मण्यावर डाग राहतील. मामांनी शेवटी पोरगा नाशिकला गेलेला बघून एक फवारणी उरकून घेतली. दुसऱ्या दिवशी बघतात तर भुरी तशीच! तेव्हा कुठे मामांच्याच लक्षात आलं की ही भुरी उजव्या डोळ्याने बघितली तरच दिसते.

मी नाशिकला कॉलेज रोडवर एका डोळ्यांच्या दवाखान्यात ऑप्टोमेट्रिस्ट आहे. नंबर काढणं, डोळ्याचं प्रेशर मोजणं, स्कॅन काढणं ही माझी कामं, ऑपरेशन आणि लेझर डॉक्टर करतात. हे मामांना विचारून लिहितोय, नाव टाकू नको एवढंच म्हणाले, पूर्ण पिंपळगावात कळायला नको की विनाकारण गंधक मारलं.

आता आधीचं सांगतो. मामा ६० वर्षांचे. उजव्या डोळ्याचा मोतीबिंदू ५७व्या वर्षी काढला, फेको पद्धतीने (बारीक छेदातून, ध्वनिलहरींनी फोडून), बिनटाक्याचं, घडीचं भिंग टाकून. ऑपरेशननंतर चष्म्याशिवाय ६/६, म्हणजे अगदी नॉर्मल, दिसत होतं, पानामागची लाल कोळीसुद्धा दिसते म्हणून गावभर सांगत फिरायचे. दोन-अडीच वर्षं मस्त गेली. मग दिवाळीच्या आसपास हळूहळू धुरकट व्हायला लागलं, रात्री आग्रा हायवेला समोरच्या गाडीचा लाइट अंगावर आला की त्याला मिशा फुटायच्या (हा त्यांचाच शब्द, आणि तो किती बरोबर आहे ते पुढे सांगतो). शहरातल्या एका दुकानातून दोनदा चष्मा बदलला, दोन्ही वेळा नवीन नंबर निघाला आणि दोन्ही वेळा फरक शून्य. दुकानदाराने एकदाही विचारलं नाही की ऑपरेशन कधी झालंय, आणि मला राग आला तो याच गोष्टीचा. मग एका पाहुण्याने निदान केलं की मोतीबिंदू परत आला, आणि दुसऱ्याने की भिंग डुप्लिकेट टाकलं असणार.

तर पहिली गोष्ट, मोतीबिंदू परत येत नाही. मोतीबिंदू म्हणजे आपलं स्वतःचं नैसर्गिक भिंगच गढूळ झालेलं असतं आणि ते ऑपरेशनमध्ये काढून टाकलेलं असतं, जी वस्तू डोळ्यात नाहीच ती परत गढूळ कशी होणार. पण त्या भिंगाभोवती एक पारदर्शक पिशवी असते, कोलॅजन आणि लॅमिनिन वगैरेची विणलेली, तिला कॅप्सूल म्हणतात. डॉक्टर पिशवीच्या पुढच्या बाजूला साधारण पाच-साडेपाच मिलिमीटरचं गोल भोक पाडतात, आतला गर फोडून ओढून घेतात, आणि रिकाम्या पिशवीत नवीन भिंग बसवतात. पिशवीचा मागचा पडदा तसाच ठेवतात कारण भिंगाला आधार तोच देतो. या मागच्या पडद्यावर नंतर जे गढूळपण येतं त्याला दुय्यम मोतीबिंदू म्हणतात, आमच्याकडे पेशंट म्हणतात पडदा आला किंवा जाळं आलं, फाइलवर आम्ही पीसीओ लिहितो.

तपासणीत उजवा डोळा ६/२४, पिनहोल (बारीक भोकाची पट्टी) लावूनही ६/१८ च्या पुढे नाही, म्हणजे मुख्य प्रश्न नंबरचा नाही. प्रेशर १६. शुगर काठावर पण आटोक्यात. डाव्या डोळ्यात मोतीबिंदू सुरू झालेला, ६/१८. बाहुली मोठी करायचे थेंब टाकले, मॅक्युलाचा, म्हणजे रेटिनाच्या मधल्या भागाचा, ओसीटी स्कॅन काढला, तो व्यवस्थित. बाकीचा रेटिना (डोळ्याच्या तळाचा प्रकाश टिपणारा थर) डॉक्टरांनी बघितला, तोही व्यवस्थित. हे सगळं बघून मगच पडद्याला दोष द्यायचा असतो, नाहीतर लेझर करून बसतो आणि खरा आजार मागे रेटिनात निघतो.

मग स्लिट लॅम्पवर, म्हणजे डोळा तपासायच्या सूक्ष्मदर्शकावर, बसवलं आणि प्रकाश बाहुलीतून सरळ आत सोडला, असं केलं की मागून रेटिनाचा नारिंगी उजेड परत येतो आणि त्या उजेडावर पडद्यावरचं सगळं काही उठून दिसतं. खालच्या अर्ध्या भागात भिजवलेल्या साबुदाण्यासारखे फुगलेले पारदर्शक दाणे, एकमेकांना चिकटून, मध्यापर्यंत आलेले. वरच्या नाकाकडच्या बाजूला दाणे नाहीत पण पडद्याला चुण्या पडलेल्या, घट्ट ओढलेल्या चादरीसारख्या. मी मोबाइल लावून फोटो काढला आणि मामांना दाखवला, त्यांनी जवळ धरला, लांब धरला, म्हणाले, "आरं हा तर घड आहे. इरळणी न केलेला."

खरं सांगतो, पुस्तकातसुद्धा या दाण्यांचं वर्णन द्राक्षाच्या घडासारखं असंच करतात. त्यांना एल्श्निग पर्ल्स म्हणतात, आणि मोत्याचं नाव असलेल्या आजारानंतर पुन्हा मोतीच यावेत हे आपल्या भाषेत जरा जास्तच जुळून आलंय.

आणखी एक गोष्ट फोटोत होती जी मला आधी दिसलीच नाही, डॉक्टरांनी बोट ठेवून दाखवली. पुढच्या गोल भोकाची कडा नव्या भिंगाच्या कडेवर चारी बाजूंनी बसायला हवी, भिंग सहा मिलिमीटरचं आणि भोक त्याहून थोडं लहान, म्हणजे झाकण बरोबर बसतं. मामांच्या डोळ्यात खालच्या बाजूला ही कडा भिंगाच्या बाहेर गेलेली होती. आणि साबुदाणा नेमका तिथूनच आत शिरलेला. याला चूक म्हणायची का? मी तरी नाही म्हणणार, पिकलेल्या मोतीबिंदूत ते भोक हाताने गोल पाडणं सोपं नसतं, बघितलंय मी.

मामांचा प्रश्न मात्र रास्त होता. घर रिकामं केलं होतं ना, मग हे आलं कुठून?

आलं घरातूनच. पिशवीच्या पुढच्या पडद्याच्या आतून पेशींचा एकच थर असतो, फरशी बसवल्यासारखा. कडेला, म्हणजे जिथे पुढचा पडदा वळून मागचा होतो तिथे, या पेशी आयुष्यभर हळूहळू विभागल्या जातात, लांब होतात आणि भिंगाचे तंतू बनतात. मागच्या पडद्यावर निरोगी डोळ्यात पेशी नसतातच. ऑपरेशनमध्ये गर निघतो, पडदा पुसून पण घेतात, पण कडेच्या खाचेत पेशी राहतात म्हणजे राहतातच. मी मामांना म्हटलं, तुम्ही एप्रिलला खरड छाटणी करता, सगळी काडी काढून टाकता, ओलांडा (वेलीची आडवी जाड फांदी) उघडा करता, म्हणून बाग मेली का? ओलांड्यावर नव्या फुटीचे डोळे असतात ना. ते म्हणाले, "मंग डोळ्यात डोळा फुटला म्हण की." म्हटलं हो, अगदी तसंच.

पण डोळा नुसता असून फुटत नाही, त्याला कोणीतरी सांगावं लागतं. इथून पुढचं समजायला मला कॉलेजात दोन सेमिस्टर लागले आणि मामांना दहा मिनिटं, कारण मामा ३० वर्षं जीए वापरतायत. जिबरेलिक ॲसिड, झाडाच्या वाढीचं संप्रेरक, द्राक्षवाल्यांना वेगळं सांगायला नको. फुलोऱ्याच्या आधी दहा-पंधरा पीपीएम दिलं तर घड लांब होतो, त्याच्या पाकळ्या (घडाच्या बाजूच्या फांद्या) मोकळ्या होतात. ऐन फुलोऱ्यात गेलं तर फुलं गळून विरळणी होते. मणी सेट झाल्यावर चाळीसच्या आसपास बुडवलं तर मणी फुगतो. औषध तेच, डबा तोच, पण डोस कुठला आणि झाड कुठल्या अवस्थेत यावर निकाल बदलतो. पेशींना मिळणारे निरोप असेच चालतात, आणि या प्रकरणाची सगळी गंमत इथेच आहे.

भिंगाच्या पेशींना एक निरोप एफजीएफ नावाच्या प्रथिनाचा. सिडनीला मॅकएव्हॉय आणि चेंबरलेन यांनी १९८९ साली उंदराच्या भिंगाच्या पेशी बशीत ठेवून वेगवेगळ्या डोसने हेच एफजीएफ दिलं, तर कमी डोसला पेशी विभागल्या जाऊन वाढल्या, त्याहून जास्तीला सरकायला लागल्या आणि अजून जास्तीला लांब होऊन तंतू बनायला लागल्या. एकच प्रथिन! आणि डोळ्यात ही मात्रा जागेप्रमाणे बदलते, पुढच्या पाण्यात कमी, मागच्या काचेसारख्या जेलीकडे जास्त, म्हणून पुढे फरशी राहते आणि मागे तंतू बनतात. त्याआधी १९६३ साली कूलोम्ब्र दांपत्याने कोंबडीच्या अंड्यातल्या गर्भाचं भिंग काढून उलटं बसवलं होतं, पुढची बाजू मागे, तर ज्या पेशी नुसत्या फरशी म्हणून बसल्या होत्या त्या जेलीकडे तोंड झाल्याबरोबर लांब होऊन तंतू व्हायला लागल्या. म्हणजे पेशीने काय व्हायचं ते शेजार ठरवतो. मला हा प्रयोग फार आवडतो, काही महागडं यंत्र नाही, नुसता हात स्थिर पाहिजे.

आता मामांचा साबुदाणा बघा. कडेच्या पेशी मोकळ्या झालेल्या मागच्या पडद्यावर सरकल्या, तिथे त्यांना तंतू हो असा निरोप मिळत राहिला, त्या व्हायलाही निघाल्या, पण तंतू सरळ लांब होतो तो शेजारच्या तंतूंच्या दाटीत, इथे दाटीच नाही, रिकामं घर, म्हणून त्या नुसत्या फुगल्या. प्रत्येक दाणा म्हणजे अर्धवट राहिलेला तंतू. त्यातून प्रकाश सरळ जात नाही, विखुरतो, म्हणून पानावर भुरी.

चुण्यांची गोष्ट वेगळी. तिथे निरोप टीजीएफ-बीटाचा. हे प्रथिन डोळ्यातल्या पाण्यात कायम असतं, मुख्यतः दुसऱ्या नंबरचा प्रकार, पण बहुतेक सगळं कुलूपबंद, एका दुसऱ्या प्रथिनाच्या आवरणात गुंडाळलेलं. ऑपरेशन म्हणजे कितीही नाजूक केलं तरी जखम, आणि जखमेच्या गडबडीत हे कुलूप उघडायला सुरुवात होते, त्यात पेशींच्या अंगावरचे इंटिग्रिन नावाचे आकडेही हातभार लावतात. मोकळं झालेलं टीजीएफ-बीटा पेशीच्या दारावरच्या रिसेप्टरला चिकटतं, रिसेप्टर आतल्या स्मॅड-२ आणि स्मॅड-३ या निरोप्या प्रथिनांना फॉस्फेटचा शिक्का मारतो, ते स्मॅड-४ ला सोबत घेऊन केंद्रकात जातात आणि तिथे जनुकांची बटणं बदलतात. शेजारणीला धरून ठेवणारं ई-कॅडहेरिन बंद, स्नायूतलं ॲक्टिन चालू, कोलॅजन आणि फायब्रोनेक्टिन चालू. काल फरशीसारखी गप्प बसलेली पेशी आता मायोफायब्रोब्लास्ट होते, म्हणजे जखमेचा व्रण ओढून घेणारी पेशी, हाताला कापल्यावर कातडी आवळते ना, तीच जात. या वेषांतराला ईएमटी म्हणतात. ती पेशी पडदा ओढते, चुण्या पडतात, आणि प्रत्येक चुणी बारीक दांडीच्या भिंगासारखी वागून दिव्याच्या ठिपक्याची रेघ करते. मामांच्या हेडलाइटच्या मिशा त्या ह्या.

स्मॅड-३ चा हात यात किती मोठा आहे ते जपानच्या साइका यांच्या गटाने २००४ मध्ये दाखवलं, ज्या उंदरांत स्मॅड-३ चं जनुकच काढून टाकलं होतं त्यांच्या भिंगाला इजा केली तरी पेशींनी वेष बदललाच नाही.

मग मामांनी तोच प्रश्न विचारला जो मी मास्तरांना विचारला होता. निरोप माहीत आहे तर निरोपच बंद करायचं औषध का टाकत नाही, जीएला जसं उलट औषध असतं तसं? प्रयोग खूप झालेत, पेशी मारणारी औषधं पिशवी बंद करून आत फिरवूनसुद्धा बघितलीत, पण रोजच्या ऑपरेशनमध्ये वापरावं असं काही अजून आलेलं नाही. अडचण अशी की डोळा म्हणजे एकच खोली, औषध शिंपडलं की ते कॉर्नियाच्या, म्हणजे डोळ्याच्या पुढच्या पारदर्शक काचेच्या, आतल्या पेशींनाही लागणार, आणि त्या पेशी माणसात एकदा गेल्या की परत भरून येत नाहीत. दुसरं म्हणजे टीजीएफ-बीटा अडवलं तर चुण्या थांबतील, साबुदाण्याचं काय? तो दुसऱ्या निरोपावर चालतो. आणि तिसरी गोष्ट सगळ्यात चिवट आहे, इंग्लंडमध्ये नॉरिचला वॉर्मस्टोन आणि डंकन यांच्या गटाने दान केलेल्या डोळ्यांतल्या अशा पिशव्या बशीत वाढवल्या, पोषक द्रवात एक थेंबही प्रथिन न घालता, तरी पेशी जगल्या आणि मागच्या पडद्यावर पसरल्या. म्हणजे बाहेरून कोणी निरोप दिला नाही तर त्या स्वतःच स्वतःला देतात. मामा म्हणाले, "हराळी आहे ही." मला याहून चांगला शब्द सुचला नाही.

म्हणून सध्या जे काही चालतं ते औषधाने नाही, बांध घालून चालतं. भिंगाची मागची कडा चौकोनी धारेची असली आणि पडदा तिला घट्ट बसला की पडद्याला तिथे कोपरा पडतो, आणि सरकत आलेल्या पेशी त्या कोपऱ्याशी अडतात. गोल कडेच्या भिंगांपेक्षा अशा भिंगांत पडदा कमी येतो. भिंगाचं मटेरियलही मोजावं लागतं, पाणी धरणाऱ्या ॲक्रिलिकपेक्षा पाणी न धरणाऱ्यात कमी येतो. मामांच्या जुन्या कागदावर भिंगाचं स्टिकर होतं, पाणी धरणारं निघालं. डुप्लिकेट वगैरे काही नाही, ते भिंगही चांगलंच, पण कडा खाली उघडी, भिंग त्या प्रकारचं आणि वय ५७, तीन गोष्टी एकत्र आल्या. वयाचं असं की जितकं तरुण तितक्या पेशी उत्साही. लहान मुलांत तर पडदा येणार हे जवळपास धरूनच चालतात आणि पहिल्याच ऑपरेशनमध्ये मागच्या पडद्यालाही भोक पाडून थोडी जेली काढून ठेवतात.

मामांच्या डोळ्याला दुसऱ्या दिवशी यॅग लेझर केलं. यात जाळत नाहीत, हे लोकांना सांगून सांगून मी दमलो. १०६४ नॅनोमीटरचा न दिसणारा प्रकाश, सेकंदाच्या काही अब्जांश भागाइतकाच वेळ, एका बिंदूवर, आणि तिथे एक सूक्ष्म स्फोट होऊन पडदा फाटतो. आधी ब्रिमोनिडिनचा थेंब, प्रेशर वाढू नये म्हणून. डॉक्टरांनी फोकस पडद्याच्या किंचित मागे ठेवला, पुढे ठेवला तर भिंगावर ओरखड्यासारखे खड्डे पडतात. १.८ मिलिज्यूलने सुरुवात, ३४ शॉट, चुण्यांच्या ताणामुळे वरची बाजू पहिल्या दोन-तीन शॉटमध्येच आपोआप उघडत गेली, साबुदाण्याची बाजू मात्र एकेक करत. मामा म्हणाले निखाऱ्यावर मीठ टाकल्यासारखा आवाज येतोय. पाच मिनिटांत उठले. तासाभराने प्रेशर १८. आठवडाभराचे थेंब दिले, आणि बजावून सांगितलं की काळे ठिपके थोडे दिवस तरंगतील ते चालेल, पण विजा चमकल्यासारख्या दिसल्या, अचानक ठिपक्यांचा पाऊस पडला किंवा बाजूने पडदा ओढल्यासारखं वाटलं तर माल काढणी असो का लग्न, त्याच दिवशी यायचं, कारण लेझरनंतर रेटिना सुटण्याचा धोका लहान का होईना असतो.

दुसऱ्या दिवशी चष्म्याशिवाय ६/९, आठवड्याने ६/६. लेझरने पेशी संपल्या का, तर नाही, खाचेत त्या आहेतच, फक्त मध्ये सरकायला जमीन राहिली नाही. भांडण मिटलं असं नाही, फवारणीचे पैसे कोणाच्या खात्यात यावर अजून कधीतरी निघतं.

डाव्या डोळ्याचं ऑपरेशन एप्रिलमध्ये खरड छाटणी उरकून केलं. यावेळी पाणी न धरणारं, चौकोनी धारेचं भिंग, आणि मामांनी टेबलावर झोपल्या झोपल्या डॉक्टरांना विचारलं की झाकण चारी बाजूंनी बसतंय ना, डॉक्टर म्हणाले बसतंय, बोलू नका. सहा महिन्यांनी मी बाहुली मोठी करून बघितला तर पुढच्या भोकाची कडा पांढरट झालेली होती, बांगडीसारखी. मामेभाऊ घाबरला, परत आलं का म्हणून. तर ती पांढरी कडा म्हणजे तेच टीजीएफ-बीटा, त्याच वेष बदललेल्या पेशी, पण इथे त्या भिंगाच्या काठावर बसून पिशवी आवळून धरतायत, आणि त्या आवळण्यानेच पडदा धारेवर घट्ट वळतो आणि मागे जायची वाट बंद होते. फाइलवर लिहिलं, पुढची कडा पांढरी, मागचा पडदा मध्ये स्वच्छ, ६/६, पुन्हा सहा महिन्यांनी.